सोलर पॅनल दर रविवारी धुवायची गरज नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘सोलर पॅनल दर रविवारी धुवा, नाहीतर निम्मी वीज वाया. भर दुपारी पाणी मारा, पॅनल गारही होतं. पाणी कुठलंही चालेल. पावसाळ्यात बघायलाही नको.’ तो वाचून साठी उलटलेली माणसं ओल्या गच्चीवर स्टूल लावून चढताना मी पाहतोय, म्हणून लिहितोय.

निम्मी वीज? नाशिकच्या इंदिरानगरात माझ्या गच्चीवर ३ किलोवॅटची पॅनल आहेत, चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट. मार्चमध्ये तीन आठवडे हात लावला नाही, मग धुतली. फरक पडला पाऊण युनिटाचा. उन्हाळ्यात ऊन कडक असूनही आकडा त्या मानाने चढत नाही, त्याचा दोष सगळे धुळीला देतात. पण सेलचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या तुकड्यांचं, तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, आणि मे महिन्यात पॅनल ६० अंशांच्या पुढे तापतं. ती घट धुऊन भरून निघत नाही.

दुपारी तर नकोच. तापल्या काचेवर गार पाणी पडलं की तडा जायची भीती, आणि गारवा टिकतो जेमतेम काही मिनिटं.

खरं नुकसान होतं ते ‘कुठलंही पाणी’मुळे. शेजारच्या काकांनी वर्षभर बोअरचं पाणी मारलं. आता काचेवर थेंबाथेंबाचे पांढरे गोल आहेत, बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. फडक्याने निघेनात म्हणून त्यांनी तारेची घासणी घेतली, तर ओरखडे उठले. धूळ पुसता येते हो, ओरखडा कसा पुसणार? नळाचं पाणी घ्या, मऊ मॉप फिरवा, शेवटी रबरी वायपरने निथळून काढा. कपड्यांची पावडर नको.

पावसाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिरक्या पॅनलवरची धूळ पाऊस धुतो. पण खालच्या कडेला, फ्रेमला लागून, चिखलाची रेघ उरते. आणि कबुतरांची शिट वाळली की सरीने जात नाही. पॅनलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात. एक झाकला गेला तर तो तापतो आणि त्याच्या भागातली वीजही अडते. पातळ धुळीपेक्षा हा एक डाग महाग पडतो. तो दिसला की लगेच ओल्या फडक्याने भिजवून काढा, मग वार कुठलाही असो.

बाकी पाऊस संपल्यावर एकदा, थंडीत महिन्यातून एकदा, फेब्रुवारी ते मे पंधरा-वीस दिवसांनी. शेजारी बांधकाम असेल किंवा घर अंबड-सातपूरच्या कारखान्यांजवळ असेल तर जरा लवकर. थंडीत सकाळी काचेवर दव असतं, तेव्हा धूळ आपसूक भिजलेली मिळते. लांब दांड्याचा वायपर वापरा, पाय गच्चीवरच ठेवा. पॅनलवर तर कधीच उभं राहू नका. काच शाबूत दिसते, पण आतल्या सेलना बारीक तडे जातात.