खुलासा: उकळल्यानं मचूळ पाणी गोडं होत नाही

सोलापुरात व्हॉट्सॲपवर फिरतंय : ‘लक्षद्वीपला खारं पाणी उकळून पितात, आपणही बोअरचं उकळून प्या, गोडं होतं.’ हे अर्धवट आहे. लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीला २००५ पासून समुद्राचं पाणी कमी दाबाखाली वाफवतात खरं, पण पितात ती थंड केलेली वाफ. आपल्या पातेल्यातली वाफ उडून जाते, मीठ मागं उरतं. तळाला पांढरी खर धरते ती चुन्याची; तेवढं जडपण कमी होतं, नायट्रेट (पाण्यात विरघळलेला, तान्ह्या बाळांना घातक क्षार) मात्र तसंच राहतं. म्हणून बोअरचं पाणी तपासल्याशिवाय तान्ह्या बाळाच्या दुधात घालू नका, ही कळकळीची विनंती. उकळून मरतात ते जंतू. उजनी धरणातून नळाला येणारं, चार दिवस पिंपात साठवलेलं पाणी मात्र जरूर उकळा.