पुढचा एपिसोड एकटीने बघायचा नाही हं!

आमच्या वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी एक कागद फिरतोय. त्यावर तीन रकाने आहेत: सध्याची आवडती फॅशन, आवडती मैत्री, आवडती मालिका. प्रत्येकापुढे एकच ओळ. बाकीच्यांनी दोन मिनिटांत भरून दिला. माझ्याकडे तो आठवडाभर पडून आहे, कारण माझ्या तिन्ही रकान्यांचं उत्तर याच खोलीत, समोरच्या कॉटवर, माझीच हुडी घालून झोपलंय.

हुडीपासूनच सांगते. घेताना मी ती मुद्दाम दोन मापं मोठी घेतली. सध्या कपडा अंगाला नीट बसला म्हणजे तो फसला, असा नियम आहे. खांद्याची शिवण कोपराकडे उतरली पाहिजे आणि बाहीतून बोटांची फक्त टोकं दिसली पाहिजेत. घरी आईने पाहिलं आणि विचारलं, "कुणाची उचलून आणलीस?" तिला हसले होते. आता रोज सकाळी तोच प्रश्न मी रूममेटला विचारते.

ढगळ कपड्यांचा एक तोटा कुठलीच जाहिरात सांगत नाही. ते सगळ्यांनाच होतात. रूममेट माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे. अंगाबरोबरच्या कपड्यांच्या जमान्यात उसनं मागणाऱ्याला "तुला नाही गं बसणार" असं गोड आवाजात सांगता यायचं. ओव्हरसाइझने ती सोय कायमची बंद केली.

जीन्सही तशीच, बॅगी. कापड दोघींचं आणि खिसा पाऊण माणसाचा. मला या गोष्टीचा फार राग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जीन्सच्या खिशांच्या कोपऱ्यांवर त्या तांब्याच्या टिकल्या असतात ना, रिव्हेट, त्यांचं पेटंट 20 मे 1873 चं आहे. जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. कष्टकऱ्यांचे खिसे सारखे फाटायचे म्हणून त्याने कोपऱ्यांना रिव्हेट ठोकले आणि पेटंटसाठी कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस याला भागीदार करून घेतलं. म्हणजे ही विजार आज जशी आहे, ती खिशाच्या काळजीतूनच. आणि माझ्या जीन्सला पुढे एक खिसा चार बोटं खोल, दुसरा तर नुसताच शिलाईचा देखावा! मोबाइल ठेवला की अर्धा बाहेर डोकावतो, खाली बसले की उडी मारतो. पण पूर्वी साखळीच्या घड्याळासाठी ठेवायचे तो इवलासा पाचवा खिसा मात्र जागेवर आहे. साखळीची घड्याळं उद्या परत आली, तर माझी तयारी आहे.

पावसाळ्यात याच जीन्सचे पाय जमिनीवरून झाडू मारत जातात आणि तळाशी लागलेलं पाणी तासाभरात गुडघ्यापर्यंत चढतं. केशाकर्षण मला शाळेत कळलं नव्हतं, ते इथे कळलं.

तरी मला वाटायचं, आपण काहीतरी नवीन घालतोय. मग आम्ही 'फ्रेंड्स' ही सहा मित्रमैत्रिणींची अमेरिकन विनोदी मालिका बघायला घेतली. मालिका 22 सप्टेंबर 1994 ला सुरू झालेली. बघते तर काय, तीच सैल जीन्स, तेच ढगळ शर्ट, सोफ्यावर पाय पसरून बसलेले. आमची नवी फॅशन माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वापरून, धुऊन, वाळत घातलेली होती.

शेवटचा भाग 6 मे 2004 ला दाखवला गेला. एकट्या अमेरिकेत त्या रात्री सुमारे सव्वापाच कोटी लोकांनी तो पाहिला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. तरीही शेवट मला कुणी सांगता कामा नये, असा माझा आग्रह आहे. सव्वापाच कोटी लोकांनी एवढी वर्षं तोंड बंद ठेवावं ही अपेक्षा जरा जास्त होते, कळतं मला.

एकूण 10 सीझन, 236 भाग. आमचा करार असा ठरला: रोज रात्री दोन भाग, दोघींनी मिळून, आणि एकटीने पुढे जायचं नाही. मी हिशेब केला, 118 रात्री. अभ्यासाचं इतकं काटेकोर वेळापत्रक आम्ही दोघींनी आयुष्यात केलेलं नाही.

तिसऱ्या सीझनपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथे रॉस आणि रेचल या मालिकेतल्या जोडीत 'ब्रेक', म्हणजे तात्पुरती ताटातूट, होता की नव्हता, हा प्रश्न येतो. जगभरचे लोक अजून त्यावर भांडतात, मग आम्हीच का मागे राहावं? ती म्हणाली होता, मी म्हणाले नव्हता. वाद वाढता वाढता हुडीवर आला, तिथून कुणी कुणाची वही कधी परत केली नाही यावर गेला, आणि आम्ही दोन दिवस बोललो नाही. पण करार तो करार. रात्री दोन भाग बघायचेच. त्यात आमच्याकडे वायरवाला इअरफोन एकच (वायरही परत फॅशनमध्ये आली म्हणे), त्याचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. रुसायला एकूण हातभर अंतर मिळतं. त्यात तोंड फिरवलं की समोरचीचा कान ओढला जातो.

पाचव्या सीझनमध्ये मला संशय आला. ही मालिका बहुतेक स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित केलेली, त्यामुळे प्रत्येक विनोदावर हशा ऐकू येतो. रूममेट त्या प्रेक्षकांच्या आधी हसत होती. एकदा योगायोग म्हणू. तीनदा? सकाळी ती आंघोळीला गेल्यावर लॅपटॉप उघडला. चित्राखालची ती रेघ आमच्यापेक्षा चार भाग पुढे सरकलेली.

"अगं, मी झोपले होते," ती म्हणाली. "ते आपोआप पुढचं लावत जातं."

या बचावाला उत्तर नाही. ते खरंच लावतं.

मग त्या रात्री ती झोपल्यावर मी ते चारही भाग बघितले. केवळ हिशेब बरोबर करायला. आणि नंतरचे दोन, कारण चौथ्याचा शेवटच तसा होता. तेव्हापासून या खोलीत रोज रात्री मालिकेपेक्षा मोठा अभिनय चालतो. ती "अय्या!" म्हणते, मी तोंडावर हात ठेवते, ती म्हणते "मला वाटलंच नव्हतं," मी म्हणते "मला तरी कुठे?" समोरच्या सहा जणांना निदान त्याचे पैसे मिळत होते.

परवा दोघी दमलो होतो. दुसरा भाग सुरू झाला तेवढं आठवतं. पहाटे जाग आली तेव्हा इअरफोन माझ्या गळ्याला आणि तिच्या मनगटाला गुंडाळलेला आणि पडद्यावर प्रश्न: अजून बघताय का? रेघ आम्हाला सोडून कुठल्या कुठे गेली होती.

"मी काही बघितलं नाही हं," ती डोळे चोळत म्हणाली.

"मीही नाही," मी म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदाच दोघी खरं बोललो असू.

आज शेवटी कागद भरला. मालिकेपुढे मालिका, मैत्रीपुढे तिचं नाव, फॅशनपुढे 'ओव्हरसाइझ हुडी'. तिने माझ्या खांद्यावरून वाचला. आपलं नाव बघून काही बोलली नाही, पण वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोड," म्हणाली. "उगाच बाकीच्या मागायला येतील, मग आपल्याला उरायची नाही."