आपलं पोर कणखर कसं करावं?

हल्लीची मुलं फार नाजूक झाली आहेत. कोणी जरा काही बोललं की डोळ्यांत पाणी. त्यांना जगात वावरायला तयार कसं करायचं, याचं फुकट मार्गदर्शन मला गेल्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिळालं. एकट्याने ठेवून घेणं बरं नाही, म्हणून वाटतो आहे.

पोर रडत घरी आलं, तर दप्तर उतरवायच्या आत विचारा, "मग तू काय केलंस?" टाळी एका हाताने वाजत नाही, हे त्याला पाठ असलं पाहिजे.

त्रास देणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना चुकूनही दुखवू नका. ते हळवे असतात.

आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगा. मास्तरांनी फोकाने फोडलं, मोठ्या पोरांनी विहिरीत ढकललं, तरी आमचं काय बिघडलं? ज्या मुलाने सातवीतच शाळा सोडली, तो या 'आमचं'मध्ये धरायचा नसतो.

कायदा तर काढूच नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे, चिडवणंही त्यात बसतं, तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. पण रॅगिंग म्हणजे कॉलेजातलं, असं शाळेने हसून सांगितलं की आपणही हसावं. आमच्या तक्रारीला आज एकविसावा दिवस. मधल्या काळात गॅदरिंगच्या वर्गणीची चिठ्ठी मात्र दोनदा आली.

आणि टोपणनावं खेळीमेळीने घ्यायला शिकवा. आमचा चौथीत आहे. 'म'वर अडखळतो, आणि नेमकं त्याचं नाव 'म'वरून. व्हॅनमधल्या दोघांनी त्याचं नाव 'व्हायब्रेट' ठेवलं. तो चढला की मागच्या सीटवरून घर्रर्र, घर्रर्र. पुढे सगळी व्हॅन करायला लागली. किती विनोदबुद्धी, नाही? मग ते वर्गात पोचलं. आता उशीर झाला तर तो वर्गाच्या दारात नुसता उभा राहतो, कारण 'मे आय कम इन'सुद्धा 'म'वरूनच सुरू होतं. बाईंचं लक्ष जाईपर्यंत उभा. परवा रात्री आईला विचारत होता, माझं नाव 'अ'वरून ठेवता येईल का?

हे सगळं मी त्या दोघांपैकी एकाच्या वडिलांना सांगितलं. ते गाडी पुसत होते. फडका न थांबवता म्हणाले, "मस्करी असते हो. स्पोर्टिंगली घ्यायला शिकवा. बाहेरचं जग काय त्याचे लाड करणार आहे?"

बाहेरचं जग! याच गृहस्थांना गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत कोणीतरी "तुम्हाला हिशेबातलं काय कळतं" म्हणालं होतं. एक वाक्य. साहेब ग्रुपमधून बाहेर पडले, गणपतीच्या आरतीला दहा दिवस खाली उतरले नाहीत, शेवटी सेक्रेटरी आणि खजिनदार पेढे घेऊन समजूत काढायला वर गेले. बेचाळीस वर्षांच्या माणसाला पेढे, आणि नऊ वर्षांच्या पोराने स्पोर्टिंगली घ्यायचं?

खोडरबर हरवलं म्हणून मुख्याध्यापिकेच्या केबिनबाहेर धरणं धरणारे पालक मीही पाहिलेत. त्यांच्यात मला ढकलू नका. पडला, खरचटलं, खेळात हरला, कोणाशी भांडला, तर मी खिडकीतून डोकावतही नाही. पण वीस जण मिळून रोज एकावर तुटून पडतात त्याला भांडण म्हणत नाहीत. यात कोणी काही केलं असेल तर व्हॅनवाल्या काकांनी. एके दिवशी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "इंजिन फार आवाज करतंय, सगळे उतरून धक्का मारा." तेव्हापासून तो पुढे त्यांच्या शेजारी बसतो. त्यांनी बालमानसशास्त्राचा कोर्स केलेला नाही.

तुमचा मुलगा कणखर नाही हो, उद्धट आहे. आणि तुम्ही त्याला तसा ठेवताय, कारण त्याला दोन शब्द सुनावायचे तर हातातला फडका खाली ठेवावा लागेल. सोमवारी सात दहाला व्हॅन गेटवर येते. या खाली. ते 'स्पोर्टिंगली' माझ्या पोराच्या डोळ्यांत बघून म्हणा.