तुपावर पळणारा भाचा

"परदेशात सगळे ॲथलीट कीटोच करतात, मामा." नाशिकहून भाच्याचं हे वाक्य आलं आणि माझं डोकं फिरलं. पोरगा मविप्र मॅरेथॉनची तयारी करतोय आणि जिममधल्या कुणा जाणत्याने त्याची भाकरी, भात, केळी बंद करून त्याला तूप, पनीर आणि बदामावर ठेवलंय. कीटो म्हणजे हेच: पिष्टमय आणि गोड जवळजवळ बंद, चरबी भरपूर.

परदेश म्हणजे नक्की कुठला? मी कॅनबेरात राहतो. इथल्याच ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये लुईस बर्क यांच्या चमूने चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंवर हाच प्रयोग केला. निष्कर्ष २०१७ साली छापून आले. तीन आठवडे कसून सराव. कीटोवाल्यांचं शरीर चरबी जाळायला शिकलं, झकास शिकलं. पण त्याच वेगाने चालायला प्राणवायू जास्त लागू लागला. १० किलोमीटरच्या शर्यतीत भात-ब्रेड-बटाटेवाले ६.६ टक्क्यांनी सुधारले, कीटोवाले होते तिथेच राहिले. रमतगमत पळायला तूप चालेलही. शेवटच्या दोन किलोमीटरला दम कुठून आणणार?

आणि हे नाशिककरांना सांगावं लागतं! हरसूल, पेठ, सुरगाणा हा सगळा नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचा पट्टा. त्याच हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात १० हजार मीटरचं ब्राँझ घेतलं. इथे कॅनबेरात शनिवारी जिनिंदेराची पार्करन (सगळ्यांसाठी खुली पाच किलोमीटरची धाव) संपली की लोक बनाना ब्रेडवर तुटून पडतात. तुपाचा डबा उघडलेला मी अजून पाहिला नाही.

दूध-तूपही वर्ज्य करणाऱ्या व्हीगन मंडळींशी माझं भांडण नाही. माझ्या ओळखीचे इथले व्हीगन बी-१२ ची गोळी घेतात, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासतात. आमचा भाचा जन्माचा शाकाहारी, वर जेवणाला लागून कडक चहा. त्या चहाने अन्नातलं लोह धड अंगी लागत नाही, पण त्यावर जिममध्ये कुणी बोलत नाही.

ताई म्हणाली, "तिकडे बसून सांगायला तुझं काय जातंय? तू तरी भाकरी कधी खातोस?"

झोंबलं. इथल्या गंगालिन भागातल्या दुकानातून मी नागलीचं पीठ हौसेने आणतो आणि जाळी धरेपर्यंत ते कपाटात पडून असतं. सकाळी न्याहारीला पाकिटातलं वीट-बिक्स. (तेही गव्हाचंच, म्हणा.) मी सोडून आलो तेव्हाचं नाशिक तसंच भाकऱ्या थापत राहावं, ही माझी हौस. तिथे राहणाऱ्यांनी ती का पुरवावी?

तरी पोराला बजावलंय: शर्यत होईपर्यंत मुकाट भात खा, मग तुपात हवं तेवढं बुड.