कोटा म्हणण्याआधी सनावळी तरी बघा

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मथळा ‘गुणवत्तेचा खून’. सार असं, की अमेरिकेतल्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय बायका शिरल्या त्या १९६० नंतर, कोट्याच्या जोरावर. आता मोठी पदंही त्यांनाच मिळतात आणि त्याचं काय होतं ते हार्वर्डमध्ये दिसलं. वर त्यांच्या नावाने वेगळे पुरस्कार, सोहळे, पुतळे. गुणवत्तेला रंग नसतो, तर सन्मान रंग बघून कशाला? शेवटी ‘आपला काय संबंध म्हणू नका, उद्या आपल्याकडेही हेच’ असा इशारा. मेसेज कोणी लिहिला हे कळायला मार्ग नाही, पण तो पुढे ढकलणाऱ्यांत चांगले शिकलेसवरलेले लोक आहेत, म्हणून एकेक मुद्दा घ्यावा म्हटलं.

आधी १९६०. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजातून कृष्णवर्णीय मेरी जेन पॅटरसन बी.ए. झाल्या त्या १८६२ साली. रानडे-भांडारकरांची तुकडी मुंबई विद्यापीठातून बी.ए. झाली तेच हे वर्ष. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. पॅटरसनबाईंनी बायकांसाठी आखलेला सोपा अभ्यासक्रम न घेता लॅटिन, ग्रीक आणि गणिताचा चार वर्षांचा अभ्यासक्रम घेतला, जो बहुतेक मुलगेच घेत. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, रिबेका ली क्रम्पलर डॉक्टर झाल्या. ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ (मेसेज ज्याला ‘कोटा’ म्हणतो ते धोरण) हे शब्द केनेडींच्या सरकारी आदेशात आले १९६१ साली, आणि तेही सरकारी कंत्राटदारांच्या नोकरभरतीसंदर्भात. मधल्या ९९ वर्षांत या बायकांना कोणी काय सवलत दिली, हे मेसेजवाल्याने सांगावं.

सवलत सोडा, अडथळे किती होते ते बघा. १९२१ च्या जून महिन्यात अमेरिकेत तीन कृष्णवर्णीय स्त्रियांना पीएच.डी. मिळाली. त्यांच्याआधी तिथल्या एकाही कृष्णवर्णीय बाईला ती मिळालेली नव्हती. जॉर्जियाना सिम्पसन शिकागोतून, जर्मन विषयात. सेडी टॅनर मॉसेल पेन्सिल्व्हेनियातून, अर्थशास्त्रात. इव्हा डाइक्स रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजातून, इंग्रजीत. डाइक्सबाई हॉवर्ड विद्यापीठाच्या पदवीधर होत्या, पण ते कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. रॅडक्लिफने ती पदवी धरलीच नाही. मग त्यांनी तिथे पुन्हा बी.ए. केलं, १९१७ मध्ये, तेही विशेष प्रावीण्यासह, आणि मग पुढचं सगळं.

सिम्पसनबाईंची कथा आणखी वेगळी. १९०७ साली त्या शिकागो विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला गेल्या तेव्हा दक्षिणेकडच्या काही गोऱ्या मुलींनी गलका केला. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई सिम्पसन यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी मात्र सिम्पसन यांनाच बाहेर काढलं. त्यापुढे त्यांनी बरंचसं शिक्षण उन्हाळी वर्गांतून आणि टपालाने पुरं केलं. पदवी हातात पडली तेव्हा पंचावन्नच्या आसपास होत्या.

बरं, पीएच.डी. झाल्यावर तरी विद्यापीठात नोकरी? नाव नको. सिम्पसन आणि डाइक्स दोघीही वॉशिंग्टनच्या डनबार हायस्कुलात शिकवत होत्या. जर्मन तत्त्वचिंतक हेर्डरवर प्रबंध लिहिलेली बाई शाळेत, आणि तीही अनेक वर्षं! हॉवर्डने डाइक्सना १९२९ मध्ये घेतलं, सिम्पसनना १९३१ मध्ये. मॉसेलबाईंनी फिलाडेल्फियात नव्याने आलेल्या शंभर कृष्णवर्णीय कुटुंबांच्या राहणीमानाचा अभ्यास केला होता. अर्थतज्ज्ञ म्हणून त्यांना त्याच शहरात कोणी उभं केलं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विमा कंपनीत काम केलं, मग परत येऊन कायद्याची पदवी घेतली आणि वकिली केली. पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या नागरी हक्क समितीवर त्या होत्या. देशाने एक अर्थशास्त्रज्ञ गमावली ती अशी.

या डनबार शाळेवर जरा थांबायला हवं. तिचा जुना अवतार म्हणजे कृष्णवर्णीय मुलांसाठीची पहिली सरकारी हायस्कूल. तिथे मुख्याध्यापिका होत्या त्याच मेरी जेन पॅटरसन. पुढे, १९०२ ते १९०६, ॲना ज्युलिया कूपर. कूपरबाई जन्माने गुलाम. ‘या पोरांना सुतारकाम-शिवणकाम पुरे’ असं वरून सांगितलं जात असताना त्यांनी लॅटिनचा आग्रह सोडला नाही, मुलांना नामांकित कॉलेजांत पाठवलं आणि पद गमावलं. चार वर्षांनी त्याच शाळेत लॅटिनच्या साध्या शिक्षिका म्हणून परत आल्या. नात्यातली आईविना पाच मुलं वाढवत, नोकरी करत, त्यांनी १९२५ साली पॅरिसच्या सॉरबॉनमधून डॉक्टरेट मिळवली. वय ६६. प्रबंधाचा विषय, क्रांतीच्या काळातली फ्रान्सची गुलामगिरीविषयीची भूमिका. कूपरबाईंच्या काळात शाळेत असलेली युफिमिया लॉफ्टन १९४३ मध्ये गणितात पीएच.डी. मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री ठरली. एव्हलिन बॉइड ग्रॅनव्हिल हीही डनबारचीच, तिने १९४९ मध्ये येलमधून गणितातली डॉक्टरेट घेतली. विद्यापीठांनी दारं लावून घेतली म्हणून एका शाळेला असे शिक्षक मिळाले. मेसेजवाल्याला गुणवत्तेचा खून शोधायचाच असेल, तर तो इथे आहे.

आता कोटा. आपल्याकडे कोटा म्हटलं की राखीव जागा डोळ्यांपुढे येतात, आणि मेसेज नेमका त्याच समजुतीवर चालतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी बाजूला ठेवत. १९७८ साली ‘बॅकी’ नावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्यानंतर प्रवेश देताना वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून धरता येई. जून २०२३ च्या निकालाने तेही संपवलं. म्हणजे ज्या राखीव जागांवर मेसेजवाले आज जळफळतायत त्या तिकडे जाऊन ४५ वर्षांहून जास्त झाली. आणि पीएच.डी. ही प्रवेशाने मिळत नाही. प्रबंध लिहावा लागतो.

हार्वर्डचा मुद्दा खोटा नाही, अर्धा आहे. कृष्णवर्णीय क्लॉडीन गे जुलै २०२३ मध्ये तिथे अध्यक्ष झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये पायउतार झाल्या. त्यांच्या काही लेखनात संदर्भ नीट दिलेले नव्हते, त्यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. टीका रास्तच. पण त्याच २०२३ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डचे अध्यक्ष मार्क टेसिए-लव्हीन यांनीही पद सोडलं. त्यांचं नाव असलेल्या शोधनिबंधांत इतरांनी केलेली आकड्यांची फिरवाफिरव सापडली होती आणि ते निबंध वेळेवर दुरुस्त केले नाहीत, असा ठपका त्यांच्यावर होता. तेव्हा ‘गोरे पुरुष कोट्यातून आले’ असा मेसेज कुणाला आला होता का?

‘सगळीकडे त्याच’ हे तर आकड्यांपुढे टिकतच नाही. अमेरिकेत पूर्णवेळ प्रोफेसरपदावर असलेल्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया साधारण २ टक्के. अटलांटाचं स्पेलमन कॉलेज कृष्णवर्णीय मुलींसाठी १८८१ साली निघालं, आणि कृष्णवर्णीय बाई तिथे अध्यक्ष झाली १९८७ मध्ये. खास त्यांच्यासाठी काढलेल्या कॉलेजात १०६ वर्षं! आयव्ही लीग या नामांकित गटातल्या आठ विद्यापीठांपैकी ब्राउनला २००१ मध्ये रूथ सिमन्स मिळाल्या, तोवर त्या आठांत कृष्णवर्णीय पुरुषसुद्धा अध्यक्ष नव्हता. सिमन्स टेक्ससच्या, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांच्या घरातलं बारावं अपत्य. ब्राउनच्या संस्थापकांचा गुलामांच्या व्यापाराशी काय संबंध होता हे खणून काढायला त्यांनी समिती नेमली आणि अहवाल जाहीर केला. पदासाठी लाचार असलेलं माणूस असं करत नाही.

राहिला सन्मानाचा वाद. इथे थोडं मान्य करून टाकतो. वर्षातून एकदा फुलं, ढाल आणि ग्रुप फोटो, नि नोकरी मात्र कंत्राटी, अशा सोहळ्यांत दम नसतोच. शिकागो विद्यापीठाने सिम्पसनबाईंचा अर्धपुतळा बसवला तो २०१७ मध्ये, वसतिगृहातून काढल्याला ११० वर्षं झाल्यावर. त्यापेक्षा मला मेरी मेनार्ड डेली यांचा मार्ग पटतो. १९४७ मध्ये कोलंबियातून रसायनशास्त्रात पीएच.डी. झालेली ही पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. वडिलांना पैशांअभावी कॉर्नेलमधलं रसायनशास्त्राचं शिक्षण सोडावं लागलं होतं. डेलीबाईंनी १९८८ मध्ये आपल्या जुन्या क्वीन्स कॉलेजात विज्ञान शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वडिलांच्या नावे शिष्यवृत्ती ठेवली. पण सोहळे पोकळ असतात म्हणून सन्मानच चूक, हे कुठलं तर्कशास्त्र?

शिवाय रंग बघून सन्मान आपणही करतोच. ३१ मार्च आला की याच ग्रुपवर आनंदीबाई जोश्यांचा नऊवारीतला फोटो फिरतो. त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्याच कॉलेजातून १८६७ मध्ये कृष्णवर्णीय रिबेका कोल डॉक्टर झाल्या होत्या, आणि १८८९ मध्ये ओमाहा जमातीच्या सुझन ला फ्लेश, वर्गात पहिल्या. आपण आनंदीबाईंच्या नावापुढे ‘पहिली भारतीय’ लावतो ते योग्यच आहे. मग ला फ्लेश आणि कोल यांच्या नावापुढे ‘पहिली’, ‘दुसरी’ लागलं की गुणवत्तेला कसली बाधा होते?

‘उद्या आपल्याकडेही’ वाल्यांना एवढंच, की अमेरिकेत आपल्या मुली ‘विमेन ऑफ कलर’ म्हणजे गोऱ्या नसलेल्या स्त्रिया, याच रकान्यात मोजल्या जातात. ह्यूस्टन विद्यापीठाच्या अध्यक्ष झालेल्या रेणू खटोर उत्तर प्रदेशातल्या, पेन स्टेट विद्यापीठाच्या अध्यक्ष झालेल्या नीली बेंदापुडी विशाखापट्टणमच्या. आणि आपल्या लोकांना तिकडे मोठ्या संख्येने जाता आलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना तो झाला, आणि त्या लढ्याच्या रेट्याशिवाय तो झाला नसता. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी ज्यांची लेक तिकडे एम.एस. करतेय, त्यांनी व्हिडिओ कॉलवर तिलाच विचारावं, युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्ये ती कुठल्या चौकोनात टिक करते.