साडेतीन तासांचा हिशेब: तुमच्या एक स्टारला पाचपाखाडीहून उत्तर

ताई, नमस्कार.

ठाण्यात पाचपाखाडीला असलेल्या आमच्या सलूनबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. साडेतीन तास फुकट बसवलं, एक इंच सांगितलं तर चार इंच कापले, ठरल्यापेक्षा ३०० रुपये जास्त लावले, ‘पातळ करून द्या’ म्हटलं ते ऐकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी डोक्याचं झुडूप झालं, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीने सगळ्यांसमोर ‘तेल लावून कशाला आलात’ असं विचारलं. या शेवटच्या गोष्टीबद्दल मनापासून माफी मागते. विचारायची ती रीत नव्हे, आणि तिला तसं सांगितलं आहे. एवढे पैसे मोजून तुम्ही नाराज झालात याचंही वाईट वाटतं.

पण ‘फुकट बसवलं’ हे काही गिळवत नाही. कुरळ्या केसांच्या बायका आमच्याकडे यायचं की नाही हे असे रिव्ह्यू वाचूनच ठरवतात. म्हणून त्या साडेतीन तासांचा हिशेब सगळ्यांसमोरच मांडते.

अपॉइंटमेंट साडेतीनची होती, तुम्ही चार वाजून दहा मिनिटांनी आलात. घोडबंदर रोडवर काय चालतं ते आम्हालाही माहीत आहे. कापूरबावडीला माणूस अडकला की अडकला. त्याबद्दल तेव्हाही कोणी बोललं नाही, आताही बोलत नाही. प्रश्न तेलाचा होता. अपॉइंटमेंट पक्की झाली की आमच्याकडून मेसेज जातो: केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि मोकळे असावेत, तेल, सिरम, जेल काही नको, तीन तास हाताशी ठेवून या. तुमच्या केसांना मुळापासून टोकापर्यंत तेल होतं आणि वर घट्ट अंबाडा घालून क्लचर लावलेला होता.

तुम्ही लिहिलंत तसे हे ‘उगाचचे नखरे’ नाहीत. सरळ केस ओले करून, कंगव्याने ताणून एका रेषेत कापता येतात. कुरळे तसे कापले तर ओले असेपर्यंत रेषा छान दिसते, आणि वाळले की प्रत्येक बट आपल्या मर्जीने वर चढते. एकाच डोक्यावर मानेजवळ घट्ट वेटोळी, माथ्यावर सैल लाट आणि कानामागे जवळपास सरळ केस, असं सर्रास असतं. तुमचंही तसंच आहे. म्हणून केस कोरडे असताना, बट जशी पडते तशी पाहून, एकेक बट कापायची. तेलाने चिकटलेल्या आणि क्लचरने दबलेल्या केसांत ती बट दिसतच नाही. मग आधी धुवायचं, वाळवायचं, कापायचं, सेट करायला पुन्हा ओलं करायचं आणि पुन्हा वाळवायचं.

मिनिटांत सांगायचं तर केस बघणं आणि बोलणं १०, धुणं ३५, गुंता सोडवणं २५, पहिलं वाळवणं ४५, कापणं ४०, पुन्हा ओले करून क्रीम आणि जेल लावणं २५, शेवटचं वाळवणं ३०. बेरीज २१० मिनिटं. यात रिकामं बसवलेलं एक मिनिट दाखवा. केस धुतलेले, वाळलेले असते तर पहिलं वाळवणं गेलं असतं, धुणं आणि गुंता अर्ध्यावर आला असता, आणि तो वेळ शेवटच्या वाळवण्याला मिळाला असता. कमी पडला तो तिथेच.

धुण्याला ३५ मिनिटं का, तर पहिला शॅम्पू तेलावर फेसच धरत नाही. दुसऱ्याने तेल निघतं. तिसरा लागला तो पाण्यामुळे. तुमच्या सोसायटीत वर्षातले बरेच महिने टँकर येतो असं तुम्हीच म्हणालात. टँकरमधलं बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसावर बसतो, केस राठ होतात आणि कंडिशनर आत पोचत नाही. सौम्य सल्फेट-फ्री शॅम्पूने तो थर उतरत नाही. ईडीटीए असलेला चिलेटिंग शॅम्पू, म्हणजे हा थर पकडून काढणारा, लावून पाच मिनिटं ठेवावा लागतो. ते ३०० रुपये त्याचे. बेसिनवर विचारलं होतं, तुम्ही ‘लावा’ म्हणालात, बिलात वेगळी ओळ आहे.

आणि आम्ही खोबरेल तेलाच्या विरोधात नाही, कृपा करून तसं पसरवू नका. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलाने ते साधत नाही, हे २००३ साली छापून आलेल्या संशोधनात दाखवलेलं आहे. कुरळ्या केसांना तर ते हवंच, कारण टाळूचं तेल पिळातून घसरत टोकापर्यंत पोचत नाही, टोकं कायम कोरडी राहतात. धुवायच्या आदल्या रात्री लांबीला लावा, खुशाल लावा. फक्त ते अंगावर घेऊन सेटिंग होत नाही. जेल पाण्यातलं असतं, तेलावर त्याचा थर नीट बसत नाही.

आता चार इंचांचं. तुम्ही दोन फोटो शेजारी-शेजारी टाकलेत. पहिल्यात केसांवर स्ट्रेटनर फिरवलेला आहे, दुसऱ्यात केस आपल्या मूळ पिळात आहेत. ही तुलना कशी धरायची? तुमची मागची बट ओली करून ताणली तर पाठीच्या मध्यापर्यंत येते आणि वाळली की खांद्याच्या जरा खाली थांबते. सगळा फरक पिळाचा. त्यात खालचं वजन कमी झालं की बट आणखी वर उचलली जाते. कापलेले तुकडे तुम्हाला खुर्चीतच हातात दिले होते, कोरडे, इंचभराचे. दोनच बटा जास्त कापल्या, कपाळाजवळच्या, आणि त्या तुम्हाला विचारून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण २०० अंशांचा स्ट्रेटनर रोज फिरवला की केसाचा पीळ जातो, आणि तेवढा भाग कुठल्याही मास्कने परत कुरळा होत नाही. कापावाच लागतो.

पातळ न करण्याबद्दल रागावलात, पण ते पुन्हा मागितलंत तरी आम्ही करणार नाही. दातेरी कात्री दाट कुरळ्या केसांत फिरवली की आत शेकडो आखूड केस तयार होतात. ते बटेत सामील होत नाहीत, सुटे उभे राहतात आणि महिन्याभरात केस आधीपेक्षा फुगलेले दिसतात. भार कमी करायचा तो आतल्या थरातल्या काही पूर्ण बटा आखूड करून. तसाच केला आहे.

राहिलं झुडूप. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. केस ओला झाला की त्याच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना तो ज्या आकारात असेल त्याच आकारात ते पुन्हा जुळतात. म्हणून वाळेपर्यंत हात लावायचा नाही, विंचरायचं नाही, बांधायचं तर मुळीच नाही. तुमच्याइतके दाट केस डिफ्युझरने, म्हणजे ड्रायरच्या हवा पसरवणाऱ्या रुंद तोंडाने, कमी उष्णतेवर आणि कमी वेगावर, पूर्ण वाळायला एक ते सव्वा तास लागतो. अर्ध्या तासात वरचा थर वाळतो. मानेजवळ आणि माथ्याच्या मुळांशी पाणी तसंच असतं. घाणेकर नाट्यगृहात साडेआठचा प्रयोग होता म्हणून सात चाळीसला तुम्ही डिफ्युझर बंद करायला लावलात. नाटक चुकवा असं आम्ही कोण सांगणार? पण ‘आत ओलं आहे, निदान बांधू नका’ असं दोनदा सांगितलं, आणि रिक्षात बसताना तुम्ही क्लचर लावलात ते काचेतून दिसलं.

‘केस कागदासारखे कडक केले’ असंही तुम्ही लिहिलंय, तेही त्यातलंच. जेल वाळलं की केसावर कडक पापुद्रा धरतो आणि तोच बटेचा आकार सांभाळतो. केस आतपर्यंत वाळले की तळहातावर दोन-तीन थेंब तेल चोळून, खालून वर मुठीत हलके दाबत तो मोडायचा असतो. मग केस मऊ होतात, आकार राहतो. तुमचा पापुद्रा आत ओल असतानाच क्लचरने मोडला. वर जुलैची हवा. पावसाळ्यात ठाण्यात दमटपणा इतका असतो की क्रीममधलं ग्लिसरीन हवेतलं पाणी केसात ओढतं, केस फुगतो. घटकांच्या यादीत ग्लिसरीन वरच्या चार-पाचांत असेल तर ती बाटली ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवा.

कट बिघडलेला नाही, हे मी आजही छातीठोक सांगेन. घरी एकदा असं करून बघा. भरपूर कंडिशनर लावून केस ओलेच असताना बोटांनी आणि मग जाड दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवा. वरून खाली ओढलं की गुंत्याची गाठ होते आणि केस तुटतो. धुतल्यावर पाणी निथळत असतानाच जेल लावा. आधी ते आणि क्रीम तळहातावर थोडं मिसळून पाहा, पांढरे कण दिसले तर ती जोडी एकत्र वापरू नका. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसू नका, सुती पंचाने दाबून पाणी टिपा. विकतचं जेल नको असेल तर पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात सात-आठ मिनिटं ढवळत उकळा, चमच्यावरून तार सुटली की गॅस बंद करून गरम असतानाच गाळा. गार झालं की ते गाळणीतून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. रात्री माथ्यावर सैल बुचडा आणि सॅटिनचा अभ्रा.

मेसेजमधल्या सूचना आणखी ठळक करतो आहोत, जादा शॅम्पूचे पैसेही आधीच सांगायची काहीतरी सोय करू, आणि वेळेच्या बाबतीतही बघतो आहोत. तुमच्यासाठी एक सेटिंग आमच्याकडून, पैसे नकोत. बुधवार ते शुक्रवार सकाळी अकराला या, खुर्ची दुपारी दोनपर्यंत तुमचीच. केस धुऊन, वाळवून, मोकळे ठेवून या. तेल घरी ठेवा. मंगळवारी बंद असतं.