फिटच्या गोळ्या डोकं खातात? मेसेज अर्धा खरा आहे, घोळ तिथेच आहे

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'फिटच्या गोळ्यांनी मेंदू कायमचा खराब होतो. चाल बिघडते, पोरं मठ्ठ होतात. वर्षभर फिट आली नाही की गोळी बंद करा आणि जडीबुटीची पुडी घ्या, तिला साइड इफेक्ट नाही.' अहिराणीत म्हणायचं तर, 'या गोया डोकं खातस.' निव्वळ थाप असती तर दुर्लक्ष केलं असतं. पण यातली लक्षणं खरी आहेत आणि सांगितलेला उपाय जिवावर बेतणारा.

'चाल बिघडते.' हो, बिघडते. बहुतेकदा फेनिटॉइन या फिटच्या औषधाने, आणि त्यामागे एक विचित्र गणित आहे. लिव्हर हे औषध एका मर्यादेपर्यंतच जिरवू शकतं. ती मर्यादा जवळ आली की वरची गोळी रक्तात साचत जाते. दिवसाला ३०० मिलीग्रॅमवर ठीक चाललेल्या माणसाला एकदम ४०० दिले, तर पातळी तिप्पटही होऊ शकते. म्हणून या टप्प्यावर डोस २५ ते ५० मिलीग्रॅमनेच वाढवायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं. पातळी साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी. २० च्या वर बाजूला बघताना बुबुळं थरथरतात, ३० च्या वर पिऊन आल्यासारखी चाल होते, ४० च्या पुढे गुंगी आणि बरळणं. अंगात प्रथिनं कमी असलेल्या माणसाला रिपोर्ट नॉर्मल असूनही झोक जाऊ शकतो. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड फेनिटॉइन वाढवतं, तर रिफाम्पिसिन कमी करतं. त्यामुळे टीबीचा कोर्स सुरू होताना आणि संपताना, दोन्ही वेळा फिटच्या डॉक्टरांना कळवा.

कार्बामाझेपिन या दुसऱ्या फिटच्या औषधाचं वेगळं. गोळीनंतर काही तासांत एकाचे दोन दिसतात, चक्कर येते, मग ओसरते. हे रोज ठरल्या वेळीच होत असेल तर औषध बदलायची गरज नसते. डोस विभागून किंवा हळू विरघळणारी गोळी देऊन बहुधा भागतं. ती गोळी मात्र चुरून देऊ नका. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं आणि काही दिवसांत तोल गेला, तर कारण बहुधा तेच: ते रक्तातलं कार्बामाझेपिन वाढवतं.

'कायमचा.' डोस कमी केल्यावर ही लक्षणं बहुतेकांची जातात. पण फेनिटॉइनची जास्त पातळी महिनोन् महिने तशीच राहिली, तर तोल सांभाळणारा छोटा मेंदू आकसू शकतो आणि ते भरून येत नाही. म्हणजे झोक जायला लागला की 'अशक्तपणा असेल' म्हणत बसायचं नाही.

'पोरं मठ्ठ होतात.' सगळ्या औषधांनी नाही. फेनोबार्बिटोनने मूल झोपाळू होतं, किंवा उलट चेकाळतं. टोपिरामेटने नेमका शब्द आठवत नाही, बोटांना मुंग्या येतात. लेव्हेटिरासिटामने चिडचिड होते. घरचे त्याला 'हट्टीपणा' म्हणतात. शिवाय वारंवार येणाऱ्या फिटनेही अभ्यास मागे पडतोच, त्याचा मेसेजमध्ये उल्लेख नाही. टोपिरामेटबद्दल आपल्या भागात एक खास काळजी घ्यायला हवी: ते घाम कमी करतं. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना मूल तापलेलं पण कोरडं दिसलं, तर सावलीत आणा, ओल्या फडक्याने पुसा आणि दवाखाना गाठा.

'वर्षभर फिट नाही, बंद करा.' इथे मेसेज सरळ चुकतो. बंद करण्याचा विचार साधारण किमान दोन वर्षं फिट नसल्यावर होतो, तोही ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) आणि फिटचा प्रकार बघून. काही प्रकारांत गोळी बऱ्याचदा आयुष्यभर लागते. डोस महिनोन् महिने हळूहळू उतरवायचा असतो. फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम एकदम तोडलं तर फिटवर फिट येऊ शकते. फिट आली की रुग्णाला कुशीवर वळवा, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट गाडीत घालून दवाखाना गाठा. तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा-चप्पलही नको. गोळी उतरवत असताना विहिरीवर एकट्याने जाणं आणि मोटरसायकल चालवणं बंद.

'पुडीला साइड इफेक्ट नाही.' देशात तपासलेल्या अशा काही पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन, फेनिटॉइनच सापडलं आहे, डोस न लिहिता. पुडीने 'गुण' आला आणि सोबत गुंगीही आली, तर तीच पुडी डॉक्टरांकडे घेऊन जा. तीही एकदम सोडू नका.